बुरशीची भाऊबंदकी
(प्रस्तावना)

बाजरीच्या कणसावरचे दोन रोग बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कोणी ओळखून द्यावे लागत नाहीत. फुलोऱ्यात असताना झड लागली की कणसातून चिकट, गुलाबीसर, गोड द्रव पाझरू लागतो आणि पुढे दाण्यांच्या जागी काळपट, कठीण गाठी धरतात. हा अरगट. दुसऱ्या रोगात पाने पिवळी पडतात, सकाळच्या ओलीत त्यांच्या खालच्या बाजूला पांढुरकी भुकटी दिसते आणि कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचा झुपका फुटतो. हा केवडा, म्हणजेच गोसावी. कृषी सेवा केंद्रात मात्र दोन्हींची तक्रार एकाच वाक्यात होते : ‘बुरशी आलीय, काहीतरी द्या.’

अरगटाच्या बुरशीला नात्याने केवड्यापेक्षा माणूस जवळचा आहे, हे विधान वाचून कोणीही हसेल. पण जनुकांच्या अभ्यासाने ते गेल्या तीस वर्षांत पक्के केले आहे. बुरशी आणि प्राणी यांचा समान पूर्वज साधारण शंभर कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला. दोन्ही घराण्यांत जादा साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवली जाते. किड्याच्या कवचात जे कायटिन असते, तेच बुरशीच्या पेशीभित्तिकेतही सापडते. केवड्याचा कर्ता, स्क्लेरोस्पोरा ग्रॅमिनिकोला, या घराण्यातला नाहीच. त्याच्या भित्तिकेत सेल्युलोज असते आणि त्याचे सगेसोयरे म्हणजे समुद्रातली तपकिरी शेवाळे आणि डायटम. तंतूंनी वाढायचे, बीजाणू उडवायचे, पानात शिरायचे, हे सगळे त्याने स्वतंत्रपणे साधले. एकसारखे जगणे वाट्याला आले की परके जीवही एकसारखे दिसू लागतात, एवढाच त्याचा अर्थ.

बुरशीची उत्क्रांती आणि तिच्या जीनोमचे, म्हणजे संपूर्ण जनुकसंचाचे, वाचन हा या पुस्तकाचा विषय. विषय जगाचा असला तरी उदाहरणे शक्य तिथे बीड जिल्ह्यातली घेतली आहेत. आष्टी-पाटोद्याची बाजरी, रब्बीची ज्वारी, गेवराई-माजलगावचा कापूस आणि ऊस, सगळीकडची तूर, बालाघाटाच्या डोंगररांगांतले सीताफळ आणि अलीकडे वाढलेली तुती : बुरशीच्या वंशवृक्षाच्या बहुतेक मोठ्या फांद्या दाखवायला अकरा तालुक्यांचा हा जिल्हा पुरेसा आहे. सगळ्या प्रकरणांतून मी एकच गोष्ट मांडत आलो आहे. बुरशीचे नाते डोळ्यांना दिसत नाही, पण ती काय नुकसान करील आणि तिच्यावर काय लागू पडेल, या दोन्ही गोष्टी नात्यावर ठरतात.

हे औषधाच्या बाबतीत लगेच पटते. कार्बेन्डाझिम खऱ्या बुरशीच्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटते आणि तिचे पेशीविभाजन थांबवते. केवड्याच्या कर्त्यावर ते काम करत नाही. त्याला मेटॅलॅक्झिल लागते, जे त्याच्या आरएनए तयार करण्याच्या यंत्रणेत अडथळा आणते. आणि तेच मेटॅलॅक्झिल खऱ्या बुरशीचे फारसे काही बिघडवत नाही. म्हणजे शंभर कोटी वर्षांहून जुनी फारकत आज पुडीच्या निवडीत उतरते. चुकीची पुडी घेतली तर पैसे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे हंगाम हातचा जातो.

आपल्याकडे बुरशीचा शास्त्रीय अभ्यास शेतीच्या गरजेतून सुरू झाला. बिहारमधल्या पुसा येथे काम करणाऱ्या एडविन बटलर यांनी १९१० मध्ये तुरीच्या मर रोगाच्या बुरशीला फ्युझेरियम उडम हे नाव दिले. १९२६ मध्ये श्री. ल. आजरेकर यांनी ज्वारीच्या चिकट्यावरची आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. १९३५ मध्ये उप्पल, पटेल आणि मा. ना. कामत यांनी मुंबई इलाख्यातल्या बुरशींची यादी ‘द फंजाय ऑफ बॉम्बे’ या नावाने छापली. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने त्या यादीत इथल्या बुरशीला जागा असण्याचे कारणच नव्हते. पुणे जिल्ह्यातली बाजरी आणि बीड जिल्ह्यातली बाजरी एकच रोग भोगत होती, पण दप्तरे वेगळी होती. औरंगाबादला १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आणि परभणीला १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ आल्यावर ही उणीव हळूहळू भरून निघू लागली.

पुण्यात शं. पु. आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली. आज ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. देशाचा राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रह तिथेच आहे, आणि आजरेकरांच्या नावाने वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रहही. जिवंत बुरशी नळीत आणि रोगट पान पाकिटात, अशी दुहेरी ठेव तिथे जपली जाते. जीनोमचा काळ आला तेव्हा या ठेवीची किंमत कळली, त्याकडे शेवटी येतो.

या पूर्वसूरींची भिस्त डोळा, सूक्ष्मदर्शक आणि काचेची बशी यांच्यावर होती. बीजाणूचा आकार, रंग, तो कसा सुटतो, यावरून ते बुरशीची वर्गवारी लावत. त्यांच्या चिकाटीला तोड नाही, पण एक अडचण त्यांना सुटण्यासारखी नव्हती. कित्येक बुरशी आयुष्यात दोन रूपे घेतात. एका रूपात मीलनाशिवाय बीजाणू तयार होतात, दुसऱ्यात मीलनातून. दोन रूपे दोन ठिकाणी, दोन ऋतूंत सापडली की ती दोन वेगळ्या प्रजाती म्हणून नोंदली जात. आजरेकरांच्या लेखात ज्वारीच्या चिकट्याचा कर्ता स्फॅसेलिया म्हणून येतो. गाठींच्या रूपात तोच क्लॅव्हिसेप्स, म्हणजे अरगटाची बुरशी. एका बुरशीला एकच नाव असावे, हा नियम जागतिक वनस्पतिशास्त्र परिषदेने २०११ मध्ये मेलबर्नला मान्य केला, आणि तो शक्य झाला डीएनएमुळे. रूप कितीही बदलले तरी डीएनए तेच राहते.

बुरशीला स्वतःचे राज्य मिळाले १९६९ मध्ये, रॉबर्ट व्हिटेकर यांच्या पाच राज्यांच्या मांडणीत. तोवर ती वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या प्रकरणात, शेवाळाच्या पाठीमागे उभी असे. १९९३ मध्ये जनुकांची तुलना करून ती प्राण्यांच्या शेजारी येते असे दाखवले गेले. १९९६ मध्ये पावाच्या यीस्टचा संपूर्ण जीनोम वाचून झाला. केंद्रकयुक्त पेशी असलेल्या जीवांमध्ये हा मान पहिल्यांदा एका बुरशीला मिळाला. यीस्टमध्ये डीएनएची सुमारे सव्वा कोटी अक्षरे आणि सहा हजारांच्या आसपास जनुके आहेत. माणसाची अक्षरे तीनशे कोटी. आकार आटोपशीर असल्याने बुरशीचे जीनोम झपाट्याने वाचले गेले. २०११ च्या सुमारास एक हजार बुरशींचे जीनोम वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प हाती घेतला गेला. तरी काम डोंगराएवढे उरले आहे. आजवर नावे दिलेल्या बुरशी दीड लाखांच्या घरात आहेत, तर २०१७ मधल्या एका अंदाजानुसार जगात त्यांच्या २२ ते ३८ लाख प्रजाती असाव्यात.

पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण एकाच गणावर आहे. हायपोक्रिएल्स हे त्याचे नाव, आणि पुस्तकाचे शीर्षक तिथूनच आले. तुरीची मर आणणारे फ्युझेरियम याच गणातले. बाजरीचा अरगट याच गणातला. मर येऊ नये म्हणून बियाण्याला चोळतात तो ट्रायकोडर्मा याच गणातला. उसातल्या हुमणीसाठी जमिनीत सोडतात ते मेटारायझियम, कापसावरच्या किडींसाठी फवारतात ते बिव्हेरिया, ही दोन्हीही इथलीच. भाऊबंदकी म्हणतात ती अशी : एक तुरीच्या मुळात शिरतो, दुसरा त्या पहिल्याच्याच तंतूंना वेटोळे घालून त्याला खातो, तिसरा बाजरीचा दाणा पळवतो आणि चौथा हुमणीचा फडशा पाडतो. पूर्वज एकच.

हे भाऊ असे पांगले कसे, हे जीनोमवरून उलगडत जाते. २०११ मध्ये ट्रायकोडर्माच्या तीन प्रजातींची तुलना झाली. इतर बुरशींना खाणे हीच या घराण्याची जुनी सवय असून कुजक्या लाकडावर जगणे नंतरचे आहे, असे त्यातून दिसले. याच ट्रायकोडर्माची एक प्रजाती दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजवताना सापडली. आज सेल्युलेज हे विकर बनवायला जगभरचे कारखाने तिला पोसतात. मेटारायझियम आणि अरगट तर गणाखालच्या एकाच कुळातले. वनस्पतीवर जगणाऱ्या पूर्वजांपासून मेटारायझियम कीटकांकडे वळले असावे, आणि ते अजूनही मुळांच्या आसपास रमते ही त्या जुन्या घरोब्याची खूण.

फ्युझेरियमची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. २०१० मध्ये टोमॅटोची मर आणणाऱ्या फ्युझेरियमचा जीनोम तपासला गेला, तेव्हा रोग घडवणारी महत्त्वाची जनुके काही मोजक्या गुणसूत्रांवर एकवटलेली आढळली. ही गुणसूत्रे एका फ्युझेरियममधून दुसऱ्यात जाऊ शकतात. प्रयोगशाळेत निरुपद्रवी बुरशीला असे गुणसूत्र मिळाले आणि ती टोमॅटोला मारू लागली. रोगकारकपणा पिढ्यान्‌पिढ्या कमवावा लागतो ही समजूत त्या दिवशी मोडली. मातीत शेजारी राहणाऱ्यांकडूनही तो मिळू शकतो.

या नात्याचा व्यवहारातला अर्थ शेतकऱ्यासाठी फार सरळ आहे. फ्युझेरियम मारणारे कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्मालाही मारते, कारण दोघांचे ट्युब्युलिन एका साच्याचे. दोन्ही एकदम चोळली तर दुसऱ्या पुडीचे पैसे पहिल्या पुडीने बुडवले, असे होते. तुतीशेजारच्या कापसावर बिव्हेरिया फवारतानाही हेच भान ठेवावे लागते, कारण रेशीम अळीला मस्कार्डिन हा रोग होतो तो बिव्हेरियामुळेच. अळी आधी मऊ पडते, मग कडक होते आणि शेवटी खडूसारखी पांढरी दिसते. १८३५ मध्ये इटलीच्या अगोस्तिनो बास्सी यांनी हा रोग एका सूक्ष्म बुरशीमुळे होतो हे सिद्ध केले. पाश्चर आणि कॉख यांचे काम अजून पुढच्या पिढीत होते. रोगजंतूंच्या सिद्धांताची सुरुवात अशी एका रेशीम अळीपासून झाली.

अरगटावर वेगळे प्रकरण लिहिले, कारण महाराष्ट्राचा इतिहास आणि जीनोमचे वाचन तिथे एकमेकांना भेटतात. युरोपात राय या धान्यावरच्या अरगटाने मध्ययुगात हाहाकार केला. रक्तवाहिन्या आकसून बोटे, हातपाय काळे पडून गळत. १९५८ मध्ये मुंबई राज्याच्या दक्षिण भागातल्या विषबाधेच्या साथीचा अहवाल प्रसिद्ध झाला; अरगट लागलेली बाजरी खाण्यात आली होती. मळमळ, उलट्या, चक्कर, गुंगी ही बाजरीच्या अरगटाची लक्षणे. हातपाय गळण्याचा प्रकार इथे नव्हता. दोन्हींच्या मुळाशी क्लॅव्हिसेप्सच, मग विष वेगळे का?

उत्तर २००७ मध्ये दोन्ही बुरशींच्या जनुकांच्या तुलनेतून मिळाले. अरगटाचे विष तयार करणारी जनुके जीनोममध्ये एका ठिकाणी ओळीने असतात आणि एकेक जनुक एकेक पायरी पार पाडते. रायवरच्या बुरशीत ही वाट शेवटपर्यंत जाते आणि रक्तवाहिन्या आवळणारी संयुगे बनतात. बाजरीवरच्या क्लॅव्हिसेप्स फ्युझिफॉर्मिसमध्ये ती अर्ध्यावरच थांबते. पुढच्या पायरीचे एक जनुक शाबूत दिसते पण काम करत नाही. त्यानंतरचे तुटके, चुकांनी भरलेले आहे. पेशी ते अजूनही वाचते, पण त्यातून उपयोगी काही निघत नाही. या बुरशीच्या पूर्वजांना संपूर्ण वाट येत होती आणि ती नंतर गमावली गेली, हा निष्कर्ष त्या तुटक्या जनुकावरून निघतो. उत्क्रांती म्हणजे चढती भाजणी असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. आपल्या भागातली विषबाधा तुलनेने सौम्य राहिली, त्याला बुरशीने हरवलेली ही वाट बऱ्याच अंशी कारणीभूत आहे.

या विषावरचा उपाय मात्र जीनोमच्या कितीतरी आधीचा, आणि आजही तोच सांगितला जातो. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचे, त्यात बियाणे ओतून ढवळायचे. अरगटाच्या गाठी आणि पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून जाळायचे. तळाचे बियाणे दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. विज्ञान नवे झाले म्हणून जुना चांगला उपाय शिळा होत नाही. तुरीत ज्वारीची ओळ घेतली की मर कमी राहते, हा अनुभवही पुढे प्रयोगांनी खरा ठरवला.

उत्क्रांती फक्त कोट्यवधी वर्षांत घडते असे नाही. बाजरीचा पहिला संकरित वाण एचबी-१ हा १९६५ मध्ये आला. पाठोपाठ आलेल्या एचबी-३ ने देशभर जम बसवला. या वाणांची मादी बाजू एकच, अमेरिकेतल्या टिफ्टनहून आलेली. शेकडो कोसांवर एकाच घडणीची बाजरी उभी राहिली आणि केवड्याच्या कर्त्याला जणू मोकळे रान मिळाले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हे वाण बघता बघता बसले. वाण तयार करायला जेवढा काळ लागतो, त्याहून कमी काळात रोगजंतू त्याच्यावर मात करू शकतो, हा धडा तेव्हा देशाने मोठी किंमत देऊन घेतला. स्क्लेरोस्पोराचा जीनोम २०१७ मध्ये वाचला गेला. प्रतिकारक वाण कशाच्या बळावर टिकतील, याची उत्तरे आता तिथे शोधली जातात.

दोन बुरशींची जोडी मी मुद्दाम एकत्र ठेवली आहे. उसाचे पाचट पेटवले की जळक्या बुडख्यांवर काही दिवसांत नारिंगी भुकटी दिसू लागते. ती न्यूरोस्पोरा. मीलनातून झालेले तिचे बीजाणू जमिनीत झोपून असतात आणि उष्णतेचा चटका बसल्यावरच उगवतात. एक जनुक एक विकर हा विचार बीडल आणि टेटम यांनी १९४१ मध्ये याच बुरशीवर मांडला आणि त्यांना १९५८ चे नोबेल मिळाले. २००३ मध्ये तिचा जीनोम वाचला तेव्हा तिच्यात जनुकांच्या जुळ्या प्रती फार कमी आढळल्या. कारण तिच्याकडे एक विलक्षण पहारा आहे : मीलनाच्या वेळी डीएनएचा तोच तुकडा दोनदा दिसला की ती दोन्ही प्रती बदल घालून निकामी करते. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत दुर्गादास कसबेकर यांनी हा पहारा कधी आणि कसा चुकवला जातो, यावर दीर्घकाळ काम केले.

जोडीतली दुसरी बुरशी ऱ्हायझोपस. शिळ्या भाकरीवर येणारी, आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मराठवाड्यातल्या रुग्णालयांना हादरवणारी. म्युकरमायकोसिसला तेव्हा ‘काळी बुरशी’ म्हटले गेले, पण बुरशीचे तंतू रंगहीन असतात. काळा पडतो तो रक्त न पोचल्याने मेलेला ऊतीचा भाग. तिच्या एका वाणाचा जीनोम २००९ मध्ये वाचला गेला, तेव्हा भूतकाळात कधीतरी तो आख्खाच्या आख्खा दुप्पट झाल्याच्या खुणा दिसल्या. न्यूरोस्पोरा जुळ्या प्रती खपवून घेत नाही, ऱ्हायझोपसने त्या सांभाळून ठेवल्या, आणि त्यांतल्या काही माणसाच्या रक्तवाहिन्यांना चिकटण्याच्या कामी आल्या असाव्यात. व्होरिकोनॅझोल हे एरवीचे हुकमी औषध तिच्यावर चालत नाही. औषध जिथे बसते त्या विकरातले एक अमिनो आम्ल या घराण्यात पिढीजात वेगळे आहे. उरते मुख्यतः अ‍ॅम्फोटेरिसिन, ज्याचा तुटवडा २०२१ च्या मे महिन्यात सगळ्यांनी अनुभवला. ते मूत्रपिंडाला जड जाते, कारण बुरशीची पेशी आणि आपली पेशी नात्यातल्या. बुरशीच्या आवरणातले एर्गोस्टेरॉल आणि आपले कोलेस्टेरॉल यांत फरक थोडाच, आणि औषधाला तेवढ्याच फरकावर नेम धरायचा असतो. याच फटीचा शोध पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी घेतला होता. हॅमायसिन हे बुरशीरोधक तिथलेच, आणि ते देणाऱ्या जीवाणूला स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना हे नाव मिळाले.

जीनोम वाचला म्हणजे रोग आटोक्यात आला, असे मात्र या पुस्तकात कुठेही म्हटलेले नाही. पाऊस कधी पडला, रान किती वर्षे त्याच पिकाखाली आहे, बियाणे कुठून आणले, यावर रोग जितका ठरतो तितका तो जनुकावर ठरत नाही. जीनोम एवढेच सांगतो की समोर कोण आहे, कुठून आला आहे आणि त्याच्याकडे कोणती हत्यारे आहेत. उपाय निवडणाऱ्याला एवढे कळणेही थोडे नाही.

संग्रहांचा विषय मघाशी अर्धवट सोडला होता. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्यावर जो करपा आला आणि दुष्काळ पडला, त्याचा कर्ता केवड्याच्याच घराण्यातला. २०१३ मध्ये संशोधकांनी संग्रहालयांत जपलेल्या शतकभराहून जुन्या वाळक्या पानांतून त्याचा डीएनए वाचला आणि त्या काळी नेमका कोणता वंश पसरला होता हे निश्चित केले. पाने जपणाऱ्यांना डीएनए हा शब्दही ठाऊक नव्हता. त्यांनी पान नीट वाळवले, तारीख आणि गाव लिहिले, एवढेच.

बीड जिल्ह्यात अशी नोंद अजून तुटपुंजी आहे, आणि ती वाढवायला प्रयोगशाळेची वाट पाहण्याची गरज नाही. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्यांना माझी विनंती आहे : रोगट पान, कणीस किंवा मुळाचा तुकडा रद्दी कागदात दाबून पूर्ण वाळवा, कागदी पाकिटात घाला, आणि पाकिटावर तारीख, गाव, पीक, वाण, पेरणीची तारीख आणि आधी काय फवारले होते ते लिहा. प्लास्टिकची पिशवी नको. तिच्यात नमुना कुजतो. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात ही पद्धत टप्प्याटप्प्याने दिली आहे. ज्यांना सिद्धांतापेक्षा काम आधी हवे असेल, त्यांनी खुशाल तिथूनच वाचायला सुरुवात करावी.